काचेपलीकडचे लक्ष्य

कर्ता आणि त्याच्या कर्माचे फळ यांच्यामध्ये एखादे माध्यम येते आणि त्या माध्यमामुळे कर्माची दिशा बदलते, तेव्हा बदललेल्या दिशेने जे घडले ते कोणाचे मानायचे, हा प्रश्न नीतिविचारात जुना आहे. मात्र त्याची चर्चा बहुधा अमूर्त उदाहरणांच्या आधाराने झालेली दिसते. आधुनिक जीवनाने त्याला एक अत्यंत मूर्त उदाहरण पुरवले आहे. पिस्तुलातून सुटलेली गोळी मोटारीच्या पुढच्या काचेवर, म्हणजे विंडशील्डवर, आदळते तेव्हा ती बहुधा काच भेदून आत शिरते, पण ज्या रेषेत ती निघाली होती त्या रेषेत ती राहत नाही. नेम धरणाऱ्याला काचेपलीकडचा माणूस स्पष्ट दिसत असतो; त्याची नजर जिथे जायची तिथे पोहोचते, गोळी मात्र वाकते. पाहणे आणि करणे यांच्या वाटा जिथे फुटतात ती जागा इथे जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची आहे, आणि कर्तृत्वाचा विचार करू पाहणाऱ्याने त्या पाच मिलिमीटरांपाशी थांबणे अगत्याचे आहे.

पुण्याजवळच्या हिंजवडीच्या परिसरात हे उदाहरण दुरून आणावे लागत नाही. वाकडच्या पुलापासून राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत रोज सकाळी मोटारींची जी संथ रांग लागते, तिच्यात हजारो माणसे काचेआड बसून समोरच्या काचेआडच्या माणसाकडे पाहत असतात. या काचांपैकी अनेक ज्या पट्ट्यात घडतात तो पट्टा येथून फार लांब नाही: भोसरीला आणि चाकणजवळच्या कुरुळीला वाहनांच्या काचा तयार करणारे कारखाने आहेत. पूर्वेकडे खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना उभा आहे, जिथे पिढ्यानुपिढ्या लहान शस्त्रांची काडतुसे भरली गेली. पाषाणला १९५८ मध्ये स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था आहे. कोथरूडच्या टेकडीवर आणि चाकणला वाहनांची व त्यांच्या सुट्या भागांची कसोटी घेणारी ‘ए.आर.ए.आय.’ ही संस्था आहे. गोळी घडवणारे हात आणि काच घडवणारे हात एकाच पंचक्रोशीत राहतात, एकाच बाजारात भाजी घेतात. त्याच पंचक्रोशीत आळंदी आणि देहू आहेत, आणि कर्म कोणाचे हा प्रश्न मराठीत सविस्तर मांडणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधीही आळंदीतच आहे.

विंडशील्डची रचना आधी समजून घेतली पाहिजे, कारण सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. एडुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाला १९०३ मध्ये असे आढळले की, आतून सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर बसलेली काचेची कुपी खाली पडली तरी तिचे तुकडे विखुरले नाहीत, ते एकमेकांना धरून राहिले. त्या निरीक्षणातून ‘लॅमिनेटेड’ काच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा दाबून बसवलेली काच, जन्माला आली. आजच्या विंडशील्डमध्ये सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा थर असतो. दाराच्या काचा सर्वसाधारणपणे वेगळ्या असतात. त्या ‘टफन्ड’, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या एकेरी काचा असतात, आणि फुटल्या की त्यांचा बारीक, बोथट खड्यांसारखा चुरा होतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नव्वदच्या दशकात पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेड काच सक्तीची केली. या सक्तीमागे गोळीचा विचार मुळीच नव्हता. अपघातात डोके काचेवर आपटले तर काचेच्या सुऱ्या होऊ नयेत आणि माणूस काचेतून बाहेर फेकला जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. ही काच आतल्या माणसाची काळजी घेण्यासाठी बनलेली आहे, बाहेरच्या वैऱ्याला अडवण्यासाठी नव्हे, ही गोष्ट पुढच्या विचारात विसरून चालणार नाही.

अशा काचेवर पिस्तुलाची गोळी येते तेव्हा काय घडते? नऊ मिलिमीटरच्या काडतुसातील गोळी साडेसात ते आठ ग्रॅम वजनाची, बहुधा शिशाची आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असलेली असते, आणि तिचा वेग सेकंदाला साडेतीनशे ते चारशे मीटर असतो. विंडशील्ड उभे नसते, ते मागे कललेले असते. म्हणून आडवी येणारी गोळी त्यावर तिरकी आदळते. काच शिशापेक्षा कठीण असल्याने गोळीचे तोंड पहिल्या स्पर्शातच चेपते, कवच फाटते, पुष्कळदा ते शिशाच्या गाभ्यापासून सुटे होते. गोळीची एक बाजू दुसरीच्या आधी काचेत रुतते आणि त्यामुळे ती काचेच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेकडे झुकते: बाहेरून आत येणारी गोळी प्रायः खाली वळते, आतून बाहेर जाणारी वर. तोंडाशी पोकळी ठेवलेल्या गोळ्या शरीरात शिरल्यावर फुलाव्यात अशा बेताने घडवलेल्या असतात, परंतु काचेने त्यांचे तोंड आधीच बिघडवल्यावर त्या ठरल्याप्रमाणे फुलतीलच याची खात्री उरत नाही. गोळीबरोबर काचेची भुकटी आणि टोकदार कण आत उडतात, आणि ज्याच्यावर नेम धरलेलाच नव्हता अशा शेजारच्या माणसाच्या डोळ्यांत ते जाऊ शकतात. एका कृतीची अशी अनेक फळे होतात, आणि त्यांतील थोडीच कर्त्याने योजलेली असतात.

गतीचा असा सूक्ष्म विचार भारतीय दर्शनांत वैशेषिकांनी केला, आणि त्यांचे आवडते उदाहरण बाणाचे होते. कणादांच्या सूत्रांच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की बाणाची पहिली हालचाल ‘नोदना’ने, म्हणजे दोरीच्या ढकलण्याने होते, त्या हालचालीतून बाणात एक संस्कार निर्माण होतो, पुढची हालचाल त्या संस्कारातून आणि तिच्या पुढची पुन्हा त्यातूनच होत जाते, आणि संस्कार सरला की गुरुत्वामुळे बाण पडतो. दोरी सुटल्यानंतर धनुर्धराचा बाणाशी संबंध उरत नाही, तरीही त्याने दिलेले काहीतरी बाणात वस्तीला असते, ही कल्पना पुढे प्रशस्तपादांनी आपल्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त अधिक नेमकी केली. त्यांच्या मते संस्कार तीन प्रकारचा आहे. ‘वेग’ हा मूर्त द्रव्यांत राहतो आणि ठरावीक दिशेने हालचालींची मालिका चालू ठेवतो. ‘भावना’ ही आत्म्यात राहते आणि आधीच्या अनुभवाचे स्मरण घडवते. ‘स्थितिस्थापक’ हा वाकवलेल्या वस्तूला मूळ स्थितीकडे परत नेतो. वेगाविषयी ते आणखी एक गोष्ट सांगतात, ती अशी की स्पर्श असलेल्या द्रव्याशी विशिष्ट प्रकारचा संयोग झाला की वेग नष्ट होतो. विंडशील्डपाशी हे तिन्ही संस्कार एकत्र येतात. गोळीत वेग आहे, दोन काचांमधल्या ताणल्या जाणाऱ्या पापुद्र्यात स्थितिस्थापक आहे, आणि ज्याने चाप ओढला त्याच्या ठायी भावना आहे, म्हणजे त्याचा राग, त्याची भीती, त्याला मिळालेले शिक्षण, आधी पाहिलेल्या चेहऱ्यांची त्याची आठवण. काच पहिल्याला अडवते आणि तिसऱ्याला स्पर्शही करू शकत नाही. गोळी वाकल्याने गोळी झाडणाऱ्याचे मन वाकत नाही, आणि म्हणून वाकलेल्या गोळीचा हिशेब मनाच्या खात्यावर कसा मांडायचा हा प्रश्न उरतो.

वैशेषिकांचे सोबती असलेल्या नैयायिकांनी काचेचा विचार दुसऱ्या बाजूने, डोळ्याच्या बाजूने केला. त्यांच्या मते इंद्रिये ‘प्राप्यकारी’ आहेत, म्हणजे विषयापर्यंत पोहोचूनच ती त्याला जाणतात, आणि डोळ्यातून निघणारा तेजोमय किरण पदार्थाला भिडतो तेव्हा दर्शन होते. यावर ‘न्यायसूत्रां’च्या तिसऱ्या अध्यायात एक आक्षेप नोंदवलेला आहे: काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडची वस्तूही दिसते, मध्ये अडसर असताना किरण पोहोचला कसा? उत्तर असे दिले आहे की ही द्रव्ये किरणाला प्रतिघात करीत नाहीत, म्हणून संयोग घडतो. आजच्या प्रकाशशास्त्राने डोळ्यातून किरण निघतो ही कल्पना सोडून दिली आहे, पण त्या वादात धरलेला भेद आजही मोलाचा आहे. एकच द्रव्य एका गोष्टीला वाट देते आणि दुसरीला देत नाही. भिंतीआडच्या माणसावर कोणी नेम धरत नाही, कारण भिंत नजर आणि बाण या दोघांनाही सारखीच अडवते, आणि तिथे आपण अज्ञानात आहोत हे कर्त्याला उघड कळते. काच नजरेला सोडते आणि गोळीला धरते. जे दिसते ते हाती आले असा भ्रम ज्या वस्तूमुळे सर्वाधिक उत्पन्न होतो ती वस्तू पारदर्शक असते, आणि पारदर्शकतेचा हा नैतिक धोका भिंतीच्या आडपडद्यापेक्षा मोठा आहे.

चुकलेल्या बाणांच्या कथा भारतीय परंपरेत विपुल आहेत, पण त्या नीट पाहिल्या तर त्यांत बाण चुकलेला नाही. शरयूच्या काठी अंधारात दशरथाने घागर भरण्याचा आवाज ऐकला, तो हत्तीच्या पाणी पिण्याचा आहे असे समजून शब्दवेधी बाण सोडला, आणि बाण नेमका आवाजाच्या ठिकाणी जाऊन मुनिकुमाराला लागला. पांडूने हरिणावर बाण सोडला आणि तो हरिणाचे रूप घेतलेल्या किंदम ऋषीला लागला. जरा नावाच्या व्याधाने विसावलेल्या कृष्णाला मृग मानून बाण मारला. तिन्ही प्रसंगी बाण सरळ गेला. वाकडे गेले ते ज्ञान. विंडशील्डच्या उदाहरणात नेमके उलटे आहे: ज्ञान सरळ आहे, माणूस कोण हे ठाऊक आहे, आणि वाकडी जाते ती गोळी. परंपरेने पहिल्या प्रकाराचा निकाल बराच स्पष्ट दिलेला आहे. रामायणात मुनिकुमाराचा वृद्ध पिता दशरथाला सांगतो की हे अजाणता घडले म्हणून तू तत्काळ नष्ट झाला नाहीस, तरी पुत्रशोकाने मरण तुला चुकणार नाही. अज्ञान दोष हलका करते, पुसून टाकत नाही. आणि त्यामागचा तर्क असा दिसतो की अंधारात आवाजावर बाण सोडण्याची विद्या ज्याने कमावली, त्याने त्या विद्येची मर्यादाही ओळखून असायला हवी होती. दुसऱ्या प्रकाराचा, वाकलेल्या बाणाचा, विचार मात्र कथांनी फारसा केलेला नाही, आणि तो सिद्धान्तांच्या आधारेच करावा लागतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात असे म्हटले आहे: अधिष्ठान म्हणजे ज्या आधारावर कर्म घडते ते शरीर, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये या स्थळाचा मराठीत मोठा विस्तार केला, आणि या पाचांच्या मेळातून घडणाऱ्या कर्माचे एकट्याने कर्तेपण घेणाऱ्याची बुद्धी अपुरी आहे हे तेथे त्यांनी समजावले आहे. या यादीत विंडशील्ड कुठे बसवायचे? सहज सुचणारे उत्तर असे की ते दैवात बसवावे. गोळी सुटली, काच मध्ये आली, वाकायचे ते वाकले, त्यात कर्त्याचे काय? हे उत्तर मान्य करता येत नाही. दैव हे पाचवे आणि शेवटचे कारण आहे. उरलेल्या चारांचा हिशेब पुरा झाल्यावर जे शिल्लक राहते त्याचे ते नाव आहे. काच कर्त्याला दिसत होती. ती गोळीला वाकवते हे कळण्याजोगे होते. जे कळण्याजोगे आहे ते साधनांच्या विचारात, म्हणजे करणात, मोडते, आणि त्याला दैवात ढकलणे म्हणजे कर्त्याने आपला वाटा दुसऱ्याच्या पानात वाढणे होय.

दैव आणि करण यांच्यातील सीमारेषा स्थिर नसते, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. कणादांनी लोहचुंबकाकडे सुईचे जाणे ‘अदृष्टा’मुळे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळे, घडते असे मानले, कारण त्या काळी त्याचे दुसरे कारण दाखवता येत नव्हते, पुढे चुंबकत्व मोजता येऊ लागले आणि सुई अदृष्टाच्या हातून निसटली. विंडशील्डचेही तसेच झाले. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतील मायामी येथे मोटारींच्या आडून झालेल्या चकमकीत तेथील केंद्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एफ.बी.आय.चे, दोन अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर त्या संस्थेने पिस्तुलाच्या गोळ्यांची एक ठरावीक कसोटी सिद्ध केली. तिच्यात एक पायरी विंडशील्डची आहे: लॅमिनेटेड काच आडव्या पातळीशी ४५ अंशांत कलती आणि बाजूला १५ अंशांत वळवलेली ठेवायची, तिच्या मागे १८ इंचांवर शरीरातील मऊ भागाची जागा घेणारा दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा मांडायचा, आणि काच भेदून आलेली गोळी त्यात किती खोल व कशी जाते ते मोजायचे. ही कसोटी मनुष्यवधाच्या साधनांची आहे, आणि तिच्याकडे पाहताना मन जड होते हे खरे. पण नीतीच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की ज्या दिवशी हे मोजले गेले त्या दिवसापासून काचेने वाकवलेल्या गोळीची गणना दैवात करण्याची सोय संपली. ज्ञान वाढते तसे दैव आकसते, आणि दैव आकसते तेवढी जबाबदारी वाढते. ज्ञानाचे हे ओझे कोणी मागून घेतलेले नसते, तरी ते नाकारता येत नाही.

हेतू की परिणाम, या वादात बौद्ध आणि जैन आचार्यांनी एकमेकांशी जो झगडा केला तो येथे थेट उपयोगी पडतो. बौद्धांच्या मते चेतना, म्हणजे संकल्प, हेच कर्म. संकल्प नसेल तर कर्माचा बंध नाही. जैन आगमांपैकी ‘सूत्रकृतांगा’त या मताची कठोर परीक्षा केलेली आहे. तेथे बौद्ध पक्षाच्या तोंडी असे घातले आहे की, पेंडीच्या ढिगाला माणूस समजून जो भोसकतो तो हिंसेचा दोषी, आणि माणसाला पेंड समजून जो शिजवतो तो निर्दोष. आणि जैन उत्तर असे की इतकी ढोबळ गफलत करणाऱ्या माणसाला निर्दोष म्हणणे संयमी पुरुषाला शोभत नाही. जैनांनी परिणामालाच सर्वस्व मानले असाही याचा अर्थ नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’ने हिंसेच्या व्याख्येत ‘प्रमादा’ची अट घालून वादाचे केंद्रच बदलले. प्रमाद म्हणजे बेफिकिरी, जे पाहायला हवे ते न पाहणे. कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’ने हा विचार टोकाला नेला: जीव मरो अथवा वाचो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसा लागलीच, आणि पाऊल जपून टाकणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी तेवढ्याने त्याला बंध नाही. या कसोटीने पाहिले तर काचेआडच्या माणसावर नेम धरणाऱ्याने काचेचा विचार केला होता की नाही, शेजारी कोण बसले आहे हे पाहिले होते की नाही, गोळी वाकली तर ती कुठे जाईल हे मनात आणले होते की नाही, हेच प्रश्न निर्णायक ठरतात. बौद्धांची चेतना गोळी सुटण्याच्या क्षणाकडे पाहते. जैनांचा प्रमाद त्या क्षणाच्या आधीच्या साऱ्या तयारीकडे पाहतो, आणि वाकणाऱ्या गोळीच्या प्रश्नात जैनांची दृष्टी अधिक खोल जाते असे म्हणावे लागते.

भारतीय कायद्याने या दोहोंची सांगड घातलेली आहे. एकाला मारण्याच्या हेतूने केलेल्या कृतीमुळे दुसराच मेला, तर तो मूळ माणूसच मेल्याप्रमाणे अपराध मोजायचा, असे भारतीय दंड संहितेचे ३०१ वे कलम सांगत होते आणि आता भारतीय न्याय संहितेचे १०२ वे कलम सांगते. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येत हेतूबरोबरच ‘आपल्या कृतीने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव’ हाही स्वतंत्र आधार धरलेला आहे. काच या बाबतीत न्यायालयाला साहाय्य करते. गोळी ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूला काचेतील भोक शंकूसारखे रुंद होते, म्हणून गोळी आतून आली की बाहेरून हे कळते. आणि नंतरच्या गोळीने पडलेला तडा आधीच्या तड्यापाशी येऊन थांबतो, म्हणून कोणती गोळी आधी आणि कोणती मागाहून हेही वाचता येते. काच क्रम लक्षात ठेवते, दिशा लक्षात ठेवते. हेतू मात्र तिच्यात उमटत नाही, आणि तो शोधण्यासाठी माणसाकडेच यावे लागते.

१९८६ सालच्याच १० ऑगस्टला पुण्याच्या लष्कर भागात निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. ते आपली मोटार स्वतः चालवत होते, पत्नी शेजारी होत्या, आणि मोटारसायकलवरून बाजूला आलेल्या मारेकऱ्याने खिडकीतून गोळ्या झाडल्या. दोन वेळा महावीर चक्र मिळवलेला हा सेनानी जागीच कोसळला आणि त्यांच्या पत्नीही जखमी झाल्या. पुढची काच या घटनेत मध्ये आलीच नाही. अंतर हातभर होते, आणि हेतू व परिणाम यांच्यात वाकण्यासारखे काही नव्हते. पुढे खटल्यात दोन आरोपींनी वैद्यांना मारल्याचे मान्य केले, पण तो अपराध असल्याचे मानले नाही. त्या दोघांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या घटनेचे स्मरण येथे एवढ्यासाठीच की, माध्यम नाहीसे झाले म्हणजे कर्म शुद्ध होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. हेतू अचूक साधला जाणे हा नैतिक गुण नव्हे. आणि अगदी हातभर अंतरावरूनही, ज्यांच्याशी मारेकऱ्यांचे कसलेच वैर नव्हते त्या शेजारच्या व्यक्तीपर्यंत गोळी पोहोचली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी एक स्कोडा मोटार येऊन थांबली. तिच्यात मुंबईवर हल्ला करणाऱ्यांपैकी कसाब आणि इस्माईल हे दोन दहशतवादी होते. त्याआधी कामा रुग्णालयाजवळ पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळ्या झाडून ते तिथपर्यंत आले होते. पोलिसांनी पुढचे दिवे बंद करून आतला दिवा लावण्यास सांगितले. म्हणजे शस्त्र वापरण्याआधी त्यांनी पाहण्याची मागणी केली, आणि त्या रात्रीच्या धुमाळीत ही मागणी लहान वाटली तरी ती फार मोठी होती, कारण मोटारीत एखादे सामान्य कुटुंबही असू शकले असते. आतून उत्तर आले ते असे: दिव्यांचा झोत वर केला गेला, काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर सुरू केले गेले, आणि काचेपलीकडचे दिसेनासे झाले. जी काच नजरेला वाट देते तिलाच भिंत बनवण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतरच्या चकमकीत पोलिसांच्या गोळ्यांनी इस्माईल मरण पावला. कसाब बाहेर आला तेव्हा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही; त्यामुळे इतर सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडता आले. नैयायिकांचा ‘प्राप्यकारी’ हा शब्द इंद्रियांसाठी आहे, तरी ओंबळ्यांच्या कृतीला त्याहून नेमका शब्द सापडत नाही. सातारा जिल्ह्यातील केडंबे या गावच्या या माणसाने काच, अंतर, साधन ही सारी माध्यमे ओलांडून विषयाला स्वतःच्या तळहातांनी गाठले. त्या नळीतून सुटलेल्या गोळ्यांना वळायला मध्ये काहीही नव्हते, आणि कोणाला वाचवायचे याविषयी ओंबळ्यांच्या मनातही काही वळलेले नव्हते. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले.

काचेच्या पारदर्शकतेवर राज्याचाही दावा आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभिषेक गोएंका यांच्या याचिकेवर निर्णय देताना मोटारींच्या काचांवर काळ्या फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे हा नियम काच घडतानाच पाळला जावा, वरून काही लावले जाऊ नये, असा त्या निर्णयाचा आशय आहे. सुरक्षेची विशेष गरज असलेल्या थोड्या व्यक्तींपुरती सूट ठेवली गेली. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला दिसेनासे होण्याची मुभा आणि बाकीच्यांनी दिसत राहण्याचे कर्तव्य, अशी ही विभागणी आहे. हिंजवडीत रात्रपाळी संपवून कंपनीच्या गाडीने घरी परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने या निर्णयाला स्पष्ट नैतिक आधार आहे, कारण गाडीच्या आत काय चालले आहे हे रस्त्यावरच्या कोणाला तरी दिसू शकते हेच तिचे संरक्षण असते. नजर पोहोचते तिथे मदत पोहोचण्याची शक्यता तरी उरते.

नैयायिकांनी काच नजरेला प्रतिघात करीत नाही असे म्हटले, आणि इतका वेळ हे विधान तसेच गृहीत धरले आहे. त्यात एक दुरुस्ती करावी लागते, आणि ती हिंजवडीनेच सुचवली आहे. केपीआयटीसारख्या येथील कंपन्यांत मोटारींसाठी आज्ञावली लिहिल्या जातात, आणि अलीकडच्या मोटारींत, जसे २०२१ मध्ये चाकणला बनू लागलेल्या एक्सयूव्ही ७०० मध्ये, आरशाच्या मागे विंडशील्डला लागून एक कॅमेरा बसवलेला असतो. तो काचेतून रस्ता पाहतो, समोर अचानक आलेला माणूस ओळखतो, आणि चालकाच्या आधी ब्रेक लावू शकतो. काचेची जाडी, तिचा बाक आणि तिचा कल यांमुळे प्रकाशही किंचित वळतो. माणसाचा डोळा त्याला सरावतो, पण कॅमेऱ्याला अंतर नेमके मोजायचे असल्याने तो फरक त्याला सोसत नाही. म्हणून विंडशील्ड बदलले की कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करावे लागते, म्हणजे नव्या काचेतून दिसणारे आणि प्रत्यक्ष असणारे यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करतात, चाकांतली हवा तपासतात, मोजून ठरवलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक गाडीच्या मध्यरेषेशी जुळवून मांडतात, आणि ही नवी काच किती वाकवते हे कॅमेऱ्याला कळेपर्यंत गाडी जागची हलवत नाहीत.